मिक्सर खोलणारा पोरगा आणि दोन महिन्यांची सुट्टी

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नागपूरला मनीषनगर भागात राहतो. मी बँकेत आहे, हे मिहानमधल्या एका कंपनीत. मुलगा आता पाचवीत जाईल. शाळा एप्रिलअखेर बंद होते ती थेट जूनच्या शेवटी उघडते. घरी सासूबाई असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात, दिवसभर त्याच्यामागे धावणं त्यांना होत नाही. तो मोबाईल घेऊन बसतो, नाहीतर काहीतरी खोलून बसतो. मागच्या महिन्यात त्यानं मिक्सर खोलला. परत जोडता आला नाही. मी इतकी चिडले की दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

मैत्रीण म्हणते, विज्ञान केंद्रातल्या उन्हाळी शिबिरात घाल. ह्यांचं म्हणणं, खेळणी बनवून काय होणार, त्यापेक्षा फाउंडेशन कोर्सला घालू, आत्तापासून पाया पक्का होईल. सासूबाई म्हणतात, "एवढ्या तपनीत पोट्ट्याले काऊन बाहेर पाठवतं? काटोलले मामाकडे जाऊ दे." गेल्या वर्षी एका खासगी शिबिरात घातलं होतं. पाचही दिवस सगळ्या मुलांनी एकसारख्या डब्यांतून एकसारख्या वस्तू बनवल्या आणि शेवटी सर्टिफिकेट मिळालं. काय शिकलास विचारलं तर म्हणाला, "काहीच नाही." यंदा तो शिबिराचं नावच काढू देत नाही.

खरं सांगू का, मी त्याला विज्ञान कळावं म्हणून पाठवतेय की ऑफिसात माझं डोकं शांत राहावं म्हणून, हे माझं मलाच कळत नाही. काय करू?

– एक आई, नागपूर

*

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं पत्र त्याच्याच ओझ्याखाली दबलंय. दोन्ही कारणांसाठी पाठवा. आई नोकरीला, घरात गुडघे धरून बसलेल्या आजी, शाळा दोन महिने बंद. अशा वेळी मूल कुठं नीट राहील याचा विचार करणं म्हणजे काही गुन्हा नाही. आपल्या विदर्भात तर सुट्टी लांबतेच. पुण्याची पोरं जूनच्या मध्यात वर्गात जाऊन बसतात, तेव्हा आपली अजून कूलरपुढे लोळत असतात.

फक्त एक हिशेब कागदावर मांडा. असली शिबिरं बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासांची आणि फार तर आठवडा-दहा दिवसांची असतात. तुमचं ऑफिस आठ तासांचं आणि सुट्टी दोन महिन्यांची. तेव्हा पोराला सांभाळणार कोण, हा प्रश्न शिबिरानं सुटणार नाही. तो वेगळाच सोडवावा लागेल. कॉलनीतल्या तीन-चार घरांनी मिळून दुपार वाटून घेणं हा जुना उपाय अजूनही चालतो. आणि काटोलचा मामा आहेच. दहा दिवस तिकडेही जाऊ द्या, सासूबाईंचं ते म्हणणं अगदी बरोबर आहे. संत्र्याच्या मळ्यात मोटर पाणी कशी खेचते हे तो तिथं खोलूनच बघेल, मामाला फक्त आधी सावध करून ठेवा. शिबिरावरचं हे ओझं उतरलं की मग ते शिबिर म्हणून कसं आहे, हे तुम्हाला नीट दिसेल.

आता माझी एक जुनी चूक सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवायची. रमण विज्ञान केंद्रासारख्या जागा तेव्हा आम्हा शिक्षकांनाही नव्या होत्या. गांधीसागर तलावासमोरचं हे केंद्र ७ मार्च १९९२ रोजी सुरू झालं, तारांगणाची त्यात भर पडली ती ५ जानेवारी १९९७ ला. त्या काळात साठ मुलांची सहल घेऊन मी एका विज्ञान केंद्रात गेले होते. 'हात लावून बघा' म्हणून मुद्दाम मांडलेल्या वस्तू, आणि मी दारातच ओरडले, "कोणी हात लावायचा नाही! रांगेत चला!" सवय हो, दुसरं काय. संग्रहालय म्हटलं की काचेच्या पेटीतली तलवार आणि मान वर करून बघणारी पोरं, एवढंच आम्हाला ठाऊक.

चाळीस मिनिटांत सगळं उरकलं. एक पोरगा मात्र रांगेतून सुटून एका वस्तूपाशी अडकला होता. दोन तिरप्या पट्ट्या, एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला फाकलेल्या. फाकलेलं टोक उंचावर. त्यांच्यावर दोन शंकू बुडाला बूड चिकटवून केलेली भोवऱ्यासारखी वस्तू. ती खालच्या टोकाला ठेवली की आपसूक घरंगळत वर चढते. पोरगा ती उचलायचा, खाली ठेवायचा, परत बघायचा. दहाव्यांदा, बाराव्यांदा. मी त्याला दंडाला धरून ओढत बसमध्ये नेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यानं हात वर केला. "मॅडम, ते वर चढत होतं का खाली उतरत होतं?" मी म्हटलं, डोळ्यांचा भ्रम असतो, बस खाली. उत्तर चुकीचं होतं आणि ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. घरी गेले आणि चैन पडेना. प्लॅस्टिकची दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडली, दोन पडद्याच्या काठ्या घेतल्या, फाकलेल्या टोकाखाली दोन पुस्तकं ठेवली. चढेना. काठ्या जास्त फाकवल्या तर नरसाळी मधूनच पडायची. शेवटी पुस्तकं काढून नुसती एक दोनशे पानी वही ठेवली, तेव्हा ती चढली. मग फूटपट्टी घेतली आणि बाजूनं बघून मधल्या आसाची टेबलापासूनची उंची मोजली. खालच्या टोकाला जास्त, वरच्या टोकाला कमी! काठ्या फाकत जातात तसा शंकू त्यांच्या फटीत खाली बसत जातो. काठ्या चढतात, पण नरसाळ्यांचं वजन उतरतच असतं. त्या पोराला भ्रम झालाच नव्हता, त्यानं अगदी नेमकं विचारलं होतं. मी त्याला वर्गासमोर सांगितलं की काल मी चुकीचं बोलले. वर्गाला शंकूपेक्षा त्याचीच जास्त मजा वाटली.

हे एवढं लांबण लावलं, कारण शिबिर निवडताना बघायचं ते हेच. तिथं तुमच्या मुलाला एकाच वस्तूपाशी बारा वेळा थांबता येतं का? गेल्या वर्षीचं शिबिर फसलं ते वस्तू वाईट होत्या म्हणून नाही. डब्यातून तुकडे काढा, एक नंबर दोन नंबरला चिकटवा, झाला पेरिस्कोप, चला पुढचा डबा. त्यात चुकायला जागाच नाही. माझी नरसाळी तीनदा पडली म्हणून मला कळलं की चढ किती असावा. पहिल्याच फटक्यात चढली असती तर मी टाळ्या वाजवून स्वयंपाकाला लागले असते. तुमचा मुलगा "काहीच नाही" म्हणाला, तो खरं बोलला. त्याच्यावर रागावू नका, तो तुमचा सगळ्यात विश्वासाचा साक्षीदार आहे.

तेव्हा फॉर्म भरायच्या आधी केंद्रात एक चक्कर मारा किंवा फोन करा. फी, वेळ, वयोगट हे दरवर्षी बदलतं, ते तर विचारालच. त्यापुढं असं विचारा: आज अर्धवट राहिलेली वस्तू उद्या पुढं करता येते का? का रोज नवा विषय? एका ताई-दादामागे किती मुलं? पंचवीस मुलांमागे एकच माणूस असेल तर तो बिचारा 'हात लावू नका' म्हणणारच, मी म्हटलंच होतं. केंद्रातल्या मांडलेल्या वस्तू मुलांना गर्दी नसताना, पुन्हा पुन्हा वापरायला मिळतात का? की शिबिर सगळं एका बंद खोलीत आणि दालनं फक्त शेवटच्या दिवशी? विज्ञान केंद्रातल्या शिबिराचा खरा फायदा तोच असतो. रविवारी तिकीट काढून गेलं तर प्रत्येक वस्तूमागे पाच पोरं रांगेत असतात आणि मागून कोणाचे तरी बाबा "चल, चल" करत असतात. रोज सकाळी दहा दिवस तिथंच जाणाऱ्या मुलाला आवडीची एक वस्तू सापडते आणि तो रोज जाऊन तिला भेटतो.

आणि हो, ज्वालामुखी. जाहिरातीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढणारा ज्वालामुखी दिसला तर लगेच नाक मुरडू नका, पण त्याचं पुढं काय करतात ते विचारा. खऱ्या ज्वालामुखीत ना सोडा असतो ना व्हिनेगर. लाल रंग घालून फेस काढायचा, फोटो काढायचा आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचा, एवढ्यावरच थांबत असतील तर ते फोटोसाठीचं शिबिर. सोडा दुप्पट घेतला तर फेस दुप्पट होतो का, असं विचारत असतील तर पोराला खुशाल पाठवा.

तुमच्या यजमानांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. नागपुरात चौकाचौकात क्लासचे फलक असताना बापाच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण पाचवीतल्या मुलाचा पाया म्हणजे नेमकं काय, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. सूत्रं दोन वर्षं आधी पाठ करून घेणं हा पाया नव्हे, ती नुसती घाई झाली. वजन, तोल, उष्णता, आवाज यांचा हाताला आलेला अनुभव नसेल, तर पुढच्या वर्गांत 'गुरुत्वमध्य' (वस्तूचं सगळं वजन जिथं एकवटल्यासारखं असतं तो बिंदू) हा शब्द आला की पोरगं त्याची व्याख्या पाठ करतं आणि मोकळं होतं. ज्यानं शंकू चढताना बघितलाय त्याला त्या शब्दाखाली काहीतरी दिसतं. क्लास लावायचाच असेल तर तीन वर्षांनी लावा, क्लास कुठं पळून जात नाहीत.

त्यांना एक गोष्टही सांगा. हाताळून बघायच्या संग्रहालयांची चाल जगभर रुजवण्यात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमचा मोठा वाटा आहे. ते १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ, तेही भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय कारणांनी विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा कोलोरॅडोत गुरं पाळली आणि पुढं तिथल्याच गावातल्या शाळेत शिकवलं. शाळेत साहित्य अपुरं पडायचं, तेव्हा मुलांना भंगाराच्या ढिगाऱ्यावर नेऊन यंत्रांचे तुकडे वेचायला लावायचे. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, हे त्यांचं म्हणणं पुढं प्रसिद्ध झालं. आपल्याकडेही ही चाल जुनीच आहे. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ चं, मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ चं, आणि आपलं रमण विज्ञान केंद्र त्याच कुटुंबातलं, राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं. आणि ज्यांचं नाव आपल्या केंद्राला दिलंय ते सी. व्ही. रमण स्वतः हिशेब खात्यातले सरकारी अधिकारी होते, १९१० च्या सुमारास त्यांची बदली काही काळ नागपूरलाही झाली होती. कोलकात्यात असताना दिवसा कचेरी आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा असा त्यांचा क्रम होता. तबला आणि मृदंगातून नाद कसा उमटतो यावरही त्यांनी काम केलं. म्हणजे बघा, नोबेल मिळवणारा माणूस फावल्या वेळात वाद्यं बडवून बघत होता. ही गोष्ट बापाला सांगायला बरी, पोराला सांगू नका. पोरांना थोरामोठ्यांची उदाहरणं दिली की ती वस्तू खाली ठेवून उठतात.

मुलगा जायला तयार नाही, त्याचं काय? बळजबरी नको. एखाद्या सुट्टीच्या दिवशी फक्त त्याला घेऊन केंद्रात जा. शिबिराचा विषय काढू नका. तुम्ही त्याच्या मागं चाला, पुढं नाही. पाट्या वाचून दाखवू नका, ही तर हात जोडून विनंती. आईबाप पाटी वाचायला लागले की पोराचा हात थांबतो, मी हे दालनात उभी राहून कितीदा पाहिलंय. तो कंटाळला तर बाहेर पडून गोळा खा आणि घरी या. रमला, तर निघताना सहज विचारा, इथं रोज सकाळी यायला आवडेल का. तरीही नाही म्हणाला तर यंदा राहू द्या. अशा वेळी घरचं शिबिर करता येतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्याइतकी स्वस्त प्रयोगशाळा दुसरी नाही.

कूलरच घ्या. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून अल्कोहोलचे दोन साधे तापमापक आणा. तापाचा चालत नाही, पाऱ्याचा नको. एकाच्या खालच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळा, दुसरा कोरडाच ठेवा, आणि दोन्ही पंख्यापुढं टांगा. मे महिन्यात आपल्या कोरड्या हवेत ओला तापमापक कोरड्यापेक्षा दहा-पंधरा अंश खाली उतरतो. पोराला विचारा, कूलरनं हवा गार होते ती पाण्यामुळं की पंख्यामुळं? मग चिंधी गार पाण्याऐवजी कोमट पाण्यात भिजवायला सांगा आणि काय होईल त्याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या. थोड्या वेळानं तीही तेवढीच खाली येते, आणि तिथं मोठी माणसंसुद्धा चक्रावतात. एक लिटर पाणी उडून जाताना आजूबाजूची जितकी उष्णता ओढून नेतं, ती विजेच्या हिशेबात साधारण दोन-तृतीयांश युनिटाच्या जवळपास जाते. हाच प्रयोग जुलैत, पाऊस लागल्यावर परत करा. दोन तापमापकांमधलं अंतर एकदम घटतं. पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिक का करतो, हे मग कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वाळ्याची ताटी, मडकं, अंगावरचा घाम, सगळ्यांचं गणित त्या चिंधीत आहे.

खुद्द कूलरला मात्र हात लावू देऊ नका. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरायच्या आधी पिन काढायची, अर्थिंग तपासून घ्यायचं, हे घरातल्या मोठ्यांनीही पाळायचं.

रात्री गच्चीवर अंथरुणं घालत असाल तर तेही वाया घालवू नका. मे महिन्यात रात्री उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्यापाशी, वसिष्ठाशेजारी, बारीक अरुंधती दिसते का ते सगळ्यांनी बघा. सासूबाईंना लग्नातली अरुंधती आठवेल आणि पोराच्या आधी त्यांनाच ती दाखवायची घाई होईल. दिवसा तारांगण बघून आलेल्या मुलानं त्याच रात्री खरं आकाश बघितलं तर तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल.

आता सासूबाईंच्या तपनीबद्दल. त्या म्हणतात ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. शिबिर सकाळचं असेल आणि अकरा-साडेअकरापर्यंत पोरगा घरी येत असेल तरच घाला. दुपारी दोनला सुटणारं शिबिर कितीही चांगलं असलं तरी मी माझ्या नातवाला घातलं नसतं. परत आणणार कोण, ते आधी ठरवा, आणि त्या माणसाचं नाव केंद्रात लिहून द्या. डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, घरी आल्यावर पन्हं. सासूबाई खिशात कांदा घालणार असतील तर घालू द्या; कांद्यानं ऊन कमी लागत नाही, पण आजीची परवानगी मिळते. आणि गाडी उन्हात उभी करून मुलाला "दोन मिनिटं बस" म्हणून आत ठेवू नका, अगदी एसी चालू ठेवूनसुद्धा.

शिबिरातून घरी आल्यावर "आज काय शिकलास?" हे विचारू नका. या प्रश्नाला "काहीच नाही" हेच उत्तर असतं, शास्त्रज्ञाला विचारलं तरी. "आज काय जमलं नाही?" हे विचारून बघा. आणि घरात एक फळी त्याच्या नावानं मोकळी करा. अर्धवट वस्तू तिथं पडून राहतील, धूळ खातील, आणि कामवाल्या मावशींना सांगावं लागेल की हा कचरा नाही. दिवाळीपर्यंत तुम्हाला त्या फळीचा राग येत राहील. तो येऊ द्या, फळी राहू द्या.

राहिला मिक्सर. दोन दिवस धड बोलला नाहीत ते आता झालं गेलं, पण त्याला एकदा सांगा की राग मिक्सर गेल्याचा होता, खोलल्याचा नव्हता. खोलल्याचाही होता म्हणाल, तर निदान तसं दाखवू नका. रविवारी दोघं मिळून परत बसा. मोटरच्या दोन बाजूंना कोळशाच्या वडीसारखे दोन बारके ठोकळे असतात, ते कार्बन ब्रश. ते झिजले की ठिणग्या उडतात आणि चटणी वाटताना तो ओळखीचा जळका वास येतो. भांड्याखाली फिरते ती रबरी चकती, कपलर. बुडाशी एक लाल बटण असेल. जास्त ताण आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. तुमचा मिक्सर बिघडला म्हणून त्यानं खोलला की खोलला म्हणून बिघडला, हे विचारलंत का? कित्येकदा नुसतं ते लाल बटण आत दाबायचं राहिलेलं असतं.

यापुढं खोलायच्या वस्तूंचा नियम एकच आणि तो न मोडण्याचा: आधी वायरची पिन कापून टाकायची, मग पेचकस हातात द्यायचा. जुनी इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, सेल काढलेला रिमोट, तुटका टेबलफॅन, खुशाल द्या. मायक्रोवेव्ह, जुना पेटीसारखा टीव्ही, मोबाईल, पॉवर बँक, इन्व्हर्टर, फ्रिज, यांना हात नाही. मायक्रोवेव्ह आणि जुन्या टीव्हीत पिन काढल्यावरही मारण्याइतका विजेचा साठा राहू शकतो, आणि मोबाईलची बॅटरी टोचली गेली की पेट घेते. हे त्याला धाक म्हणून सांगू नका, कारण सांगा. कारण सांगितलं की ही पोरं ऐकतात.

अजून एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा: २६ मे. नागपूर २१.१५ अक्षांशावर आहे, आणि त्या दिवशी दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. सपाट गच्चीवर उभट स्टीलचा पेला पालथा घाला, त्याची सावली त्याच्याच खाली नाहीशी होते. एक दिवस मागेपुढे झाला तरी फरक कळत नाही. असा योग जुलैच्या मध्यात परत येतो, पण तेव्हा ढग असतात. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही, कर्कवृत्त दिल्लीच्या खालून जातं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापणारे नऊ दिवस, सुरू होतो तोही याच सुमारास, आणि सासूबाईंना त्याचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येतो. नवतपा का तापतो हे त्यांनीच नातवाला सांगू द्या. चप्पल घालून जा, सूर्याकडे बघायचं नाही, दहा मिनिटांत खाली या. तुम्ही ऑफिसात असाल तर जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या गच्चीवर जा आणि तिथून त्याला फोन करा. दोघांच्या पेल्यांची सावली एकाच वेळी गेली का, ते विचारा.

आणि तो मिक्सर अजून भंगारवाल्याला दिला नसेल तर देऊ नका. पिन मात्र आज संध्याकाळीच कापा.